समुद्राखाली श्वास घ्यायला शिकवणारा नौदल अधिकारी

आमच्या शाळेच्या परेड ग्राउंडवरून चामुंडी टेकडी दिसते. समुद्र दिसत नाही. म्हैसूर समुद्रसपाटीपासून ७५० मीटरांहून जास्त उंचावर आहे आणि इथल्या बहुतेक मुलांचा पाण्याशी संबंध शाळेच्या जलतरण तलावापुरता असतो. माझा थोडा जास्त आहे, कारण माझे आजोळ मालवणला. मामाची होडी आहे. पूर्वी तो तिच्यातून मासेमारी करायचा. आता पावसाळा संपला की मे महिन्यापर्यंत तो पर्यटकांना सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंगला नेतो.

या वर्षी माझ्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या. जानेवारीत डोळे तपासले आणि मला चष्मा लागला. सहावीत या शाळेत आलो तेव्हापासून मला लढाऊ विमान उडवायचे होते. माझ्या कपाटाच्या दाराला आतून सुखोईचे चित्र चिकटवलेले आहे. तपासणीनंतर दोन दिवस मी कोणाशी धड बोललो नाही. दुसरी गोष्ट मे महिन्यात मालवणला घडली, ती शेवटी सांगतो. या दोन्हींच्या मधल्या काळात मी ग्रंथालयात एका माणसाचे चरित्र वाचले. तोही विमान उडवायला निघाला होता आणि पोहोचला समुद्राच्या तळाशी. मराठी पानासाठी काय लिहू असे विचारले तेव्हा दुसरा विषय सुचलाच नाही.

झाक-ईव्ह कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळच्या सें-आंद्रे-द-क्युब्झाक या गावी झाला. लहानपणी ते अशक्त होते. वडील श्रीमंत अमेरिकन लोकांचे सचिव म्हणून काम करत, त्यामुळे कुटुंबाला सारखे फिरावे लागे. दहा वर्षांचे असताना ते काही काळ न्यूयॉर्कला राहिले. त्या वेळी उन्हाळी शिबिरात त्यांना तळ्याच्या तळाशी पडलेल्या वाळक्या फांद्या बुडी मारून काढण्याचे काम मिळाले. मुलांना सूर मारताना त्या लागू नयेत म्हणून हे काम होते. पाण्याखाली डोळे उघडे ठेवायला आणि श्वास रोखायला ते तिथे शिकले.

तेराव्या वर्षी त्यांनी साठवलेल्या पैशांतून चित्रपटाचा कॅमेरा विकत घेतला आणि तो कसा चालतो हे पाहण्यासाठी उघडला. अभ्यासात मात्र लक्ष नव्हते. शाळेच्या खिडक्यांच्या काचा दगडांनी फोडल्या म्हणून त्यांना शाळेतून काढले. मग घरच्यांनी त्यांना आल्सास प्रांतातल्या एका कडक शिस्तीच्या बोर्डिंग शाळेत टाकले आणि तिथे ते चक्क अभ्यासाला लागले. (हे वाक्य माझ्या बाबांना फार आवडेल, म्हणून कंसात लिहितो.)

१९३० मध्ये ते ब्रेस्टच्या नौदल अकादमीत दाखल झाले. प्रशिक्षणाच्या जहाजावरून त्यांनी जगप्रदक्षिणा केली. कॅमेरा बरोबर होताच. अधिकारी झाल्यावर त्यांनी नौदलाच्या विमानदलाची निवड केली आणि वैमानिकाचे प्रशिक्षण सुरू झाले.

१९३६ च्या सुमाराला एका रात्री ते वडिलांची मोटार घेऊन डोंगरातल्या रस्त्याने निघाले होते. मोटार रस्त्यावरून उलटली. दोन्ही हातांना जबर इजा झाली. एक हात अनेक ठिकाणी मोडला, दुसरा लुळा पडला. डॉक्टरांनी हात कापावा लागेल असे सांगितले, पण त्यांनी नकार दिला. कित्येक महिने उपचार आणि व्यायाम चालला, तेव्हा कुठे बोटे हलू लागली. हात वाचले. वैमानिक होणे मात्र संपले.

नौदलाने त्यांना तुलाँ बंदरात नेमणूक दिली. हातांत बळ यावे म्हणून ते रोज समुद्रात पोहत. तिथे फिलिप ताय्ये नावाचे दुसरे एक नौदल अधिकारी त्यांचे मित्र झाले. ताय्ये यांनी त्यांना पाण्यात घालायचा चष्मा दिला. मोती काढणारे पाणबुडे वापरत त्या धर्तीचा तो होता. तो घालून कुस्तो यांनी पाण्यात डोके बुडवले आणि खालचे गवत, दगड, मासे सगळे लख्ख दिसले. पोहायला ते हातांसाठी गेले होते, पण त्या दिवसापासून पोहण्याचे कारणच बदलले.

इथे जरा विज्ञान सांगायला हवे. माणसाच्या डोळ्याला पाण्यात स्पष्ट दिसत नाही, कारण पाणी थेट बुबुळाला लागले की प्रकाशकिरण नीट वळत नाहीत. चष्मा किंवा मास्क डोळ्यासमोर हवेचा थर ठेवतो, म्हणून दिसते. त्यातून वस्तू सुमारे एक-तृतीयांशाने मोठ्या आणि जवळ भासतात. स्नॉर्केल म्हणजे तोंडात धरायची वाकडी नळी. तिने पाण्यावर पालथे तरंगत श्वास घेता येतो. मग लांब नळी घेऊन खाली का जाऊ नये? कारण प्रत्येक १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. एक मीटर खोलीवरच छातीवर एवढा भार येतो की वरची हवा आत ओढायला फुप्फुसांना फार जड जाते. खाली श्वास घ्यायचा तर हवा त्या खोलीच्या दाबानेच मिळाली पाहिजे.

त्या काळी पाणबुड्या पितळी शिरस्त्राण घालून, जड बूट बांधून, वरून येणाऱ्या हवेच्या नळीला जोडलेला असे. तो तळावर चालू शके, माशासारखा फिरू शकत नसे. पाठीवर हवेची टाकी बांधण्याचे प्रयत्न फ्रान्समध्ये आधीही झाले होते. पण झडप हाताने उघडावी लागे किंवा हवा सतत वाहून वाया जाई. कुस्तो यांनी शुद्ध प्राणवायूचे उपकरणही वापरून पाहिले. शुद्ध प्राणवायू थोड्या खोलीनंतर विषासारखा काम करतो, हे तेव्हा त्यांना नीट माहीत नव्हते. दोनदा त्यांना पाण्याखाली झटके आले आणि दोनदा ते थोडक्यात वाचले.

१९३७ मध्ये त्यांचे सीमोन मेल्शियोर यांच्याशी लग्न झाले होते. सीमोन यांचे वडील वायू तयार करणाऱ्या एका मोठ्या कंपनीत अधिकारी होते. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात गेला. १९४२ च्या डिसेंबरात कुस्तो पॅरिसला गेले आणि सासऱ्यांमार्फत त्याच कंपनीतल्या एमिल गान्यां या अभियंत्याला भेटले. युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हते, म्हणून गान्यां यांनी गॅसवर चालणाऱ्या मोटारींसाठी एक छोटी झडप तयार केली होती. इंजिनाला हवा तेवढाच गॅस ती सोडी. मोटारीच्या इंजिनाऐवजी माणसाची फुप्फुसे, एवढाच बदल करायचा होता.

१९४३ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, पॅरिसजवळ मार्न नदीत पहिली चाचणी झाली. आडवे पोहताना यंत्र चालले. उभे राहिले की हवा उगीच सुटून जायची आणि डोके खाली केले की श्वास ओढणे कठीण व्हायचे. दोघांनी विचार केला, तेव्हा दोष सापडला. हवा आत येण्याची आणि बाहेर जाण्याची जागा वेगवेगळ्या उंचीवर होती, म्हणून दोन्हीकडे पाण्याचा दाब वेगळा पडत होता. दोन्ही जागा शेजारी आणल्या आणि प्रश्न सुटला. या यंत्राला पुढे अ‍ॅक्वालंग म्हणू लागले.

त्याच वर्षी उन्हाळ्यात भूमध्य समुद्राच्या काठी कुस्तो पाठीवर टाक्या बांधून पाण्यात उतरले. सीमोन मास्क आणि स्नॉर्केल लावून वर तरंगत होत्या आणि खाली नवऱ्यावर नजर ठेवून होत्या. काही बिघडले असते तर फ्रेदेरिक द्युमा नावाचा उत्तम पोहणारा मित्र बुडी मारायला काठावर तयार होता. काही बिघडले नाही. दोरी नाही, नळी नाही, वजनदार बूट नाहीत, असा माणूस पाण्यात वरखाली फिरत होता. सात वर्षांपूर्वी ज्याला उडायचे होते, त्याला आता सगळ्या दिशांना जाता येत होते.

युद्ध संपल्यावर नौदलाने त्यांच्या हाती पाणबुड्यांची एक तुकडी दिली. बंदरांत पडलेले सुरुंग शोधणे हे तिचे एक काम होते. पण समुद्र फुकट काही देत नाही. १९४७ मध्ये खोलीच्या चाचणीत मॉरिस फार्ग हा त्यांचा सहकारी दोरीला लावलेल्या पाट्यांवर सही करत करत सुमारे १२० मीटरपर्यंत गेला आणि जिवंत परतला नाही. खोलवर हवेतला नायट्रोजन मेंदूला धुंदी आणतो, माणसाला धोका कळेनासा होतो. शिवाय घाईने वर आल्यास रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि श्वास रोखून वर आल्यास फुप्फुसे फाटू शकतात. आज कोणीही स्कूबा शिकायला गेले की पहिल्या दिवशी सांगतात, श्वास रोखू नका आणि सावकाश वर या. या साध्या सूचनांमागे फार्गसारख्या माणसांचे प्राण आहेत.

१९५० मध्ये कुस्तो यांना कॅलिप्सो हे जहाज मिळाले. ते मुळात महायुद्धासाठी अमेरिकेत बांधलेले लाकडी सुरुंगशोधक जहाज होते आणि नंतर माल्टाजवळ प्रवासी वाहतूक करत होते. एका धनवान माणसाने ते विकत घेऊन वर्षाला एक फ्रँक एवढ्या नावापुरत्या भाड्याने त्यांना दिले. पहिली मोठी मोहीम निघाली तांबड्या समुद्राकडे, प्रवाळ पाहायला.

प्रवाळाला आपण पोवळे म्हणतो आणि ते दगड असावे असे आपल्याला वाटते. ते प्राणी असतात. एकेक प्राणी नखाएवढा किंवा त्याहून लहान असतो. तो स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतो आणि त्याच्या पेशींत सूक्ष्म शेवाळ राहते, ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याला देते. म्हणून प्रवाळाला उबदार, उथळ आणि स्वच्छ पाणी लागते. पिढ्यांवर पिढ्या एकमेकांच्या घरांवर घरे बांधतात आणि त्यातून बेटांभोवतीचे कट्टे उभे राहतात. मोठ्या घुमटासारखा वाढणारा प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. मी सहा वर्षांत जेवढा उंच झालो तेवढे वाढायला त्याला कित्येक दशके लागतील.

तांबडा समुद्र आणि हिंदी महासागरातली बेटे यांचे चित्रण करून कुस्तो यांनी तरुण दिग्दर्शक लुई माल यांच्यासह एक चित्रपट केला. १९५६ मध्ये त्याला कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि पुढच्या वर्षी ऑस्कर. लोकांनी समुद्राचा तळ रंगांत पाहिला.

पण या चित्रपटात असेही काही आहे, जे आज पाहवत नाही. एका ठिकाणी माशांची मोजदाद करण्यासाठी प्रवाळाजवळ सुरुंगाची दारू उडवली आहे आणि मेलेले मासे गोळा केले आहेत. एके ठिकाणी जहाजाच्या पंख्याने व्हेलचे पिल्लू जखमी होते, त्याच्या रक्तावर शार्क येतात आणि खलाशी त्या शार्कना चिडून ठार मारतात. हे वाचून मी पुस्तक मिटले होते. ज्याने मला जानेवारीत धीर दिला, तो माणूस असे करतो, हे मला सहन झाले नाही. मग दोन दिवसांनी पुढचे वाचले.

पुढे कुस्तो बदलले, एका दिवसात नाही. सुरुवातीला त्यांना वाटे की माणसाने समुद्राच्या तळावर वस्ती करावी. १९६३ मध्ये सुदानच्या किनाऱ्यापासून दूर एका प्रवाळ कट्ट्यावर, १० मीटर खोल पाण्यात, त्यांनी लोखंडी घर उभारले आणि त्यात त्यांची माणसे महिनाभर राहिली. पण वर्षामागून वर्षे त्याच जागी पुन्हा बुड्या मारताना त्यांना दिसू लागले की मासे कमी होत आहेत आणि तळ उजाड होत आहे. १९६० मध्येच भूमध्य समुद्रात किरणोत्सर्गी कचरा टाकण्याचा बेत ठरला, तेव्हा त्यांनी स्वतःच्याच देशाच्या सरकारी यंत्रणेविरुद्ध उघड भूमिका घेतली. लोकांचा विरोध एवढा वाढला की बेत सोडावा लागला. १९६८ पासून त्यांची दूरचित्रवाणी मालिका जगभर गेली. लाल लोकरी टोपी घातलेला हा सडपातळ माणूस घरोघरी ओळखीचा झाला. १९७३ मध्ये त्यांनी समुद्ररक्षणासाठी संस्था काढली. अंटार्क्टिकात खाणी खोदू नयेत म्हणून त्यांनी लाखो सह्या गोळा केल्या आणि १९९१ च्या माद्रिद करारात तिथे खाणकामावर बंदी आली.

त्यांचे दुःखही मोठे होते. धाकटा मुलगा फिलिप वैमानिक झाला. वडिलांना जे जमले नाही ते त्याने केले, आणि मोहिमांवरचे चित्रण तो विमानातून करी. २८ जून १९७९ रोजी लिस्बनजवळ नदीवर उतरताना त्याचे समुद्रविमान कोसळले आणि तो गेला. १९९० मध्ये सीमोन गेल्या. १९९६ मध्ये सिंगापूरच्या बंदरात दुसऱ्या जहाजाचा धक्का लागून कॅलिप्सो बुडाली. २५ जून १९९७ रोजी पॅरिसमध्ये कुस्तो यांचे निधन झाले. जन्मगावीच त्यांचे दफन केले आहे. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, समुद्राचे पाणी एवढे तापले की जगभरचे प्रवाळ आपल्यातले शेवाळ गमावून पांढरे पडले. आपल्या लक्षद्वीपचे प्रवाळही त्यात होते.

आता मे महिन्यातली गोष्ट. सिंधुदुर्ग किल्ला शिवाजी महाराजांनी मालवणच्या कुरटे बेटावर बांधला, १६६४ ते १६६७ या काळात. त्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिथे मामा नांगर टाकत नाही, बोयाला दोर बांधतो, कारण नांगराने प्रवाळ फुटतो. चष्मा होडीत ठेवून मी मास्क लावला आणि पाण्यात उतरलो. अंधुक दिसेल असे वाटले होते, पण सगळे जवळच होते आणि स्पष्ट दिसत होते. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे माझ्या हातापासून वीतभर अंतरावर फिरत होते. तेवढ्यात मास्कमध्ये पाणी शिरले. नाकातोंडात खारट पाणी गेले, मी घाबरलो आणि खाली जे लागले त्यावर पाय रोवून उभा राहिलो. पायाखाली कटकन मोडल्याचे जाणवले.

तो ताटलीसारखा पसरलेला प्रवाळ होता. त्याची कड तळहाताएवढी तुटली. मामा ओरडला नाही. त्याने मला होडीत घेतले, मास्क धुऊन दिला आणि एवढेच सांगितले की तू मोडलास तो तुकडा तुझ्याहून वयाने मोठा असेल. संध्याकाळपर्यंत तो त्याबद्दल पुन्हा बोलला नाही. मला शिक्षा झाली असती तर बरे वाटले असते.

त्या रात्री मला कुस्तो यांचे ते सुरुंग आठवले. मी मुद्दाम केले नव्हते, त्यांनी मुद्दाम केले होते, हा फरक आहे. पण प्रवाळाला तो फरक कळत नाही. त्यांच्या यंत्रामुळे लाखो माणसे समुद्रात उतरू शकली. मीही त्यांच्यामुळेच त्या पाण्यात होतो. त्यांनी आयुष्याची शेवटची तीस-चाळीस वर्षे हेच सांगण्यात घालवली की उतरता येणे पुरेसे नाही, तिथे कसे वागायचे हेही शिकावे लागते. स्वतः चुकलेला माणूस असे सांगतो तेव्हा ते मला जास्त पटते.

कोचीला आपल्या नौदलाची डायव्हिंग शाळा आहे. आपल्या राज्यात मुरुडेश्वरजवळ नेत्राणी बेट आहे, तिथेही लोक प्रवाळ पाहायला स्कूबा करतात. या दोन्ही ठिकाणी मला जायचे आहे. सुखोईचे चित्र मी काढलेले नाही. ते तिथेच आहे.

सध्या रविवारी तलाव मोकळा असतो तेव्हा मी एकच सराव करतो. मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून घ्यायचे, वरची कड हाताने दाबायची, वर पाहत नाकाने श्वास सोडायचा आणि पाणी बाहेर काढायचे. मागच्या रविवारी दहा वेळा केले. सात वेळा जमले. तीन वेळा नाकात पाणी गेले, पण दहाही वेळा मी पाय खाली टेकले नाहीत.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी